मी रडले नव्हते

‘कुणी विचारलं, तर काय सांगायचं?’

‘मी मामाकडे होते.’

‘कधी?’

‘हेमूला इंजेक्शन दिलं तेव्हा.’

‘पोपटासारखं नको म्हणूस. सरळ सांग.’

‘सरळच सांगतेय की.’

आईनं हेमूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. आम्ही स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभे होतो. हेमू आणि मी जुळे. तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. नऊ वर्षांचा मुलगा आईच्या कडेवर आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या दोन्ही हातांत पिशव्या, असं आमचं वऱ्हाड निघालं होतं. येणारे-जाणारे हेमूकडे बघायचे, मग आईकडे बघायचे आणि च्च च्च करायचे. माझ्याकडे बघून कधी कुणी च्च केलं नाही.

हेमूला बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं. मान एका बाजूला कलायची, तोंडातून लाळ गळायची, मधूनच झटके यायचे. दीड वर्षापर्यंत आम्ही दोघं बरोबरीनं रांगलो, बरोबरीनं चाललो, असं सगळे सांगतात. मग बोंद्रे डॉक्टरांच्या दवाखान्यात लशीचं इंजेक्शन झालं. त्या रात्री हेमू तापानं फणफणला, त्याला झटके आले, आणि सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातून तो परत आला तो असा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोंद्रे डॉक्टरांवर ग्राहक मंचात केस टाकली. लशीनं आमच्या मुलाचं असं झालं, भरपाई द्या. मला समजायला लागल्यापासून ती केस चालूच होती.

घरात दुसरा विषयच नव्हता. भरपाई मिळाली की ती हेमूच्या नावानं ठेवायची आणि त्यावर त्याचा जन्म निघेल, असं ठरलेलं होतं. ‘माझ्यामागं माझ्या हेमूला कोण आहे?’ असं आई ब्लाउज शिवायला टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची. मी तिथंच काजं करत बसलेली असायचे. मला वाटायचं, का, मी काय मेलेय?

गाडी आली. अण्णांनी रुमाल टाकून जागा धरली आणि खिडकी हेमूला दिली. हेमू बाहेर बघायचासुद्धा नाही. त्याची मान आईच्या खांद्यावर आणि डोळे गाडीच्या टपाकडे. सबंध रस्ताभर मी त्या वाया चाललेल्या खिडकीकडे बघत बसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत राहिला.

एक सांगून टाकते. मला त्याचा हेवा वाटायचा. लोकांना हे कळत नाही. असल्या भावाचा हेवा? त्याची कीव यायला पाहिजे. पण लोकांना काय जातंय. दुधावरची साय त्याला. आईची मांडी त्याला. अण्णा दुकानातून आले की पहिली हाक ‘हेमूशेट’. नावसुद्धा बघा. तो हेमंत, म्हणून मी हेमलता. त्याच्यासाठी नाव शोधलं आणि माझं त्यातच भागवलं. आजारी पडावं म्हणून एकदा मी भिजलेलं परकर-पोलकं दिवसभर अंगावर ठेवलं होतं. साधी शिंकसुद्धा आली नाही.

आमच्या थोरल्या काकूंचा एक कायदा होता. जुळ्यांना जे द्यायचं ते दोघांना द्यायचं, नाहीतर मागं राहिलेलं खंगतं. काकू घरात सगळ्यांत मोठ्या, त्यामुळं त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. लहानपणी एकाला खोकला झाला की काढा दोघांना. एकाचं जावळ काढायचं तर दुसऱ्याचंही त्याच पाटावर. हेमू असा झाल्यावर तो कायदा आपोआप मोडला. राहिलं फक्त कापड. अण्णा शिंपी, दिवाळीला आम्हा दोघांचे कपडे एकाच ताग्यातून बेतायचे. त्या दिवशीसुद्धा त्याचा सदरा आणि माझा फ्रॉक एकाच निळ्या चौकड्याचा होता.

आणि माझ्या एकटीचं म्हणून एक होतं. रविवारी सकाळी हेमू झोपलेला असायचा आणि आई मला न्हायला घालायची. तेवढा वेळ ती माझी. डोक्याला तेल चोळताना मी म्हणायचे, ‘इंजेक्शनचं सांग.’ ती सांगायची.

‘तुम्हा दोघांना घेऊन गेले बोंद्र्यांकडं. आधी हेमूला टोचलं. असला रडला, असला रडला, डॉक्टरांची बाही धरून ओढली. मग तुझी पाळी. मला वाटलं, आता ही पण सुरू होणार. पण आमची लता? हूं नाही की चूं नाही. सुई आत गेली, बाहेर आली, पठ्ठी नुसती बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, वा, धीराची आहे पोर.’

‘आणि हेमू?’

‘हेमू रडत होता.’

‘खूप?’

‘खूप.’

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, सांगता येणार नाही. शाळेत सुया टोचायला नर्सबाई आल्या की पोरी बाकाखाली लपायच्या. मी सगळ्यांत पुढं जाऊन बाही वर करायचे. धीराची पोर ना मी.

आता वकिलांचं ऐका. टिपरे वकील केस लिहून घेताना अण्णांना म्हणाले होते, ‘मुलीला नव्हतं ना दिलं त्या दिवशी?’ असं विचारलं, की माणसाच्या तोंडून नाही हेच यावं. अण्णा नाही म्हणाले. एकाच बाटलीतलं दोघांना दिलं आणि एक ठणठणीत आहे, असं निघालं तर केस लंगडी पडते, हे त्यांनी मागाहून समजावलं. तेव्हापासून कागदोपत्री मी त्या दिवशी कुर्डुवाडीला मामाकडे होते. मला हे आदल्या संध्याकाळी कळलं. एरवी तारखेला मला काकूंकडे ठेवून जायचे. या वेळी काकू लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, आणि वकिलांनी सांगितलं होतं की हेमूला आणा, साहेबांना मुलगा दिसला पाहिजे. म्हणून मलाही न्यावं लागलं, आणि मामाकडचं पढवावं लागलं.

मी हो म्हटलं होतं. पण रात्रभर मनात तेच. म्हणजे हेमूला टोचलं, हेमू रडला, आणि मी तिथं नव्हतेच? माझं तेवढं एक होतं, तेही त्याच्या केसला लागलं.

मंचाची कचेरी म्हणजे एक लांब खोली, बाहेर व्हरांडा आणि व्हरांड्यात बाकडी. आम्ही बसलो त्याच्या समोरच्या बाकड्यावर बोंद्रे डॉक्टर. मला वाटलं होतं की कुणी तरी मोठा दांडगा माणूस असेल. हा तर वाळलेला म्हातारा, मांडीवर डबा घेऊन बसलेला. त्यानं हेमूकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला.

‘ही ती का?’ त्यानं आईला विचारलं.

आईनं हेमूची मान सावरली. टिपरे वकील मध्ये आले. ‘डॉक्टर, काय बोलायचं ते आत बोला.’

‘आतच बोलतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘किती वर्षं तेच तर सांगतोय.’

पुकारा झाला. आई हेमूला घेऊन आत गेली, अण्णा गेले. मला वकिलांनी बोटानं बाकड्यावर बसवलं. ‘इथून हलायचं नाही.’

मी हललेही नसते. पण हेमूची पिशवी माझ्याकडे राहिली. आत त्याला लाळ सुटली असणार, कारण थोड्या वेळानं शिपाई दारात येऊन म्हणाला, ‘ए पोरी, तुझी आई टॉवेल मागतेय.’ मी पिशवी घेऊन आत गेले. आईला टॉवेल दिला. तिनं डोळ्यांनी खुणावलं, जा. मी दारापर्यंत गेले आणि तिथं भिंतीला टेकून उभी राहिले. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे हेमूला बघत होते, नेहमीसारखे.

टेबलामागं तिघं बसले होते, दोन पुरुष आणि मध्ये करड्या केसांच्या एक बाई. टेबलासमोर डॉक्टर उभे होते. त्यांचा वकील शेजारी असूनही तेच बोलत होते.

‘मॅडम, आमच्याकडं जुळं मूल एकटं कधी येतच नाही. एकाला पडसं झालं तर दोघांना बाटली नेतात. ही बाई एकाला घेऊन आली आणि एकीला मामाकडे ठेवून आली, यावर गावातलं शेंबडं पोर विश्वास ठेवणार नाही. दोघं आली होती. दोघांना मीच टोचलं.’

‘पण तुमच्याकडं तशी काही नोंद नाही,’ बाई म्हणाल्या.

‘नाही. तेव्हा आम्ही असलं कुठं लिहून ठेवत होतो? पण मला आठवतंय.’

‘इतक्या वर्षांनी?’ टिपरे हसले. ‘रोज शंभर पोरं टोचता तुम्ही.’

‘ही लक्षात राहिली,’ डॉक्टर म्हणाले. ‘मुलगी. काय रडली. दवाखाना डोक्यावर घेतला होता तिनं. माझी बाही धरून ओढली, शिवण उसवली इथली. असं मूल लक्षात राहतं.’

माझ्या कानशिलांत सणक गेली. त्या म्हाताऱ्यानं मामाचं खोटं उघडं पाडलं, त्याचं मला काही नव्हतं. पण रडली? मी? बाही हेमूनं ओढली होती. आता या म्हाताऱ्यानं हेमूचं रडणं माझ्या माथी मारलं आणि सगळे ऐकून घेत होते. आईसुद्धा. ती हेमूचं तोंड पुसत होती. एक शब्द बोलत नव्हती.

‘खोटं आहे,’ मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांच्या. तेवढ्यात मला तेही जाणवलं, आणि बरं वाटलं.

‘मी रडले नव्हते. हेमू रडला. बाही त्यानं ओढली. मी हूं की चूं केलं नाही.’

टिपरे वकिलांनी चष्मा काढला. अण्णा आपल्या हातांकडे बघायला लागले. टेबलामागच्या बाई पुढं वाकून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘कधी रडली नव्हतीस, बाळ?’

‘सुई टोचली तेव्हा.’

‘कुणाच्या दवाखान्यात?’

मी डॉक्टरांकडे बोट केलं. ‘यांच्या. आई सांगते ना दर रविवारी. विचारा तिला.’

मग मला आठवलं, कुर्डुवाडी. पण तोवर बाईंनी आईकडे बघितलं होतं, आणि आईनं टॉवेलात हेमूचं तोंड नव्हे, स्वतःचं तोंड लपवलं होतं.

पुढचं फार नाही. केस आम्ही हरलो. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं मत तसंही आमच्या बाजूचं नव्हतं. मेंदूत ज्वर गेला असावा, तो लशीनंच गेला असं म्हणता येत नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. तरी आमच्या माणसांच्या शब्दाला काही वजन होतं. ते माझ्या एका वाक्यानं गेलं. निकाल नंतर आला, पण त्या दिवशी खोलीतून बाहेर पडतानाच सगळ्यांना कळून चुकलं होतं. टिपरे अण्णांना म्हणाले, ‘माळवदे, चला, चहा घेऊ.’ अण्णा त्यांच्यामागून गेले. जाताना माझ्यावरून त्यांची नजर गेली, ती एखाद्या खुर्चीवरून जावी तशी.

आई हेमूला घेऊन कचेरीच्या पायरीवर बसली. मी चार पायऱ्या खाली उभी राहिले, हात पोहोचणार नाही अशा अंतरावर.

‘मारत नाही. ये इकडं,’ आई म्हणाली.

मी एक पायरी चढले. तिनं डबा उघडला, दूधभात बोटांनी मळायला घेतला. पहिला घास हेमूच्या तोंडात घातला. मी घास मोजत नव्हते, पण बघत होते.

‘लता,’ ती म्हणाली, ‘डॉक्टर खरं बोलले.’

‘मी तिथं होते, हेच ना? मला माहितीये.’

‘ते नाही. तू रडलीस ते. रस्त्यावरची माणसं दारात आली, एवढं भोकाड पसरलंस. त्यांची बाही तूच धरलीस. सोडेनास.’

मला वाटलं, ती चिडून बोलतेय, केस गेली म्हणून माझ्यावर सूड उगवतेय.

‘आणि हेमू?’ मी म्हटलं.

आईचा हात डब्यात थांबला.

‘हेमू रडला नाही.’

‘म्हणजे?’

‘सुई आत गेली, बाहेर आली. त्यानं डोळे उघडले आणि परत मिटले. डॉक्टर म्हणाले, वा, धीराचा आहे. मी हसलेसुद्धा.’ तिनं हेमूची हनुवटी पुसली. ‘दीड वर्षाचं पोर, लता. सुई टोचली तर रडायला नको? मला तिथंच कळलं. सकाळी उठला तोच मलूल होता. दूध घेतलं नाही, अंग कोमट. मी जाऊबाईंना म्हटलं, आज लतालाच नेते, याला पुढच्या खेपेला. त्या म्हणाल्या, जुळ्यातलं एकच कुठं नेतात? मागं राहिलेलं खंगेल. मी नेलं. डॉक्टरांनी विचारलं होतं गं. ताप-बीप नाही ना, म्हणाले. मी नाही म्हटलं.’

‘का?’

‘ताप म्हटलं असतं तर त्याला परत पाठवलं असतं. आणि तुला टोचलं असतं. मग घरी काय सांगू?’

वर व्हरांड्यात कुणीतरी पुढच्या केसचा पुकारा केला. आई हळू आवाजात म्हणाली, ‘दुखणं आधीच आलं होतं की सुईनं आलं, मला नाही सांगता यायचं. पण तो रडला नाही, एवढं मला माहितीये. हे तुझ्या अण्णांना माहीत नाही. वकिलाला नाही. कुणाला नाही.’

‘मग मला उलटं का सांगायचीस?’

‘हेमू रडला, हेमू ओरडला, असं दर रविवारी बोलले की मला वाटायचं, तसंच झालं असेल. चांगला होता, रडला, आणि मग काय व्हायचं ते झालं.’ तिनं माझ्याकडे बघितलं. ‘आणि तुला आवडायचं.’

मला तेव्हा आईची दया यायला पाहिजे होती, असं कुणीही म्हणेल. मी नऊ वर्षांची होते आणि मला दया आली नाही. मला एवढंच कळलं, की धीराचं पोर तोच. हूं की चूं न करणारा तोच. सगळ्या घरात माझं म्हणून जे एक होतं, तेही त्याच्या अंगावरचं काढून मला घातलेलं निघालं. आणि माझं खरं काय, तर भोकाड. मी हेमूकडे बघितलं. तो तोंडात भात धरून आभाळाकडे बघत होता. इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.

परतीच्या गाडीत अण्णांनी खिडकी मला दिली. हेमूला आईच्या मांडीवर आडवं घेतलं होतं, म्हणून. मी बाहेर बघितलं नाही.

आता आई नाही, अण्णा नाहीत. हेमू माझ्याकडे असतो. त्याला कोण आहे, हा प्रश्न असा सुटला. माझे यजमान त्याला ‘हेमूशेट’च म्हणतात, आणि आमच्या लेकीला लस टोचायला नेली तेव्हा, ती रडेपर्यंत मी श्वास धरून उभी होते, एवढंही सांगते. ती चांगली ठणाणा रडली.

पण मला सांगायचंय ते सोलापूरच्या त्या तारखेनंतरच्या रविवारचं. मी म्हटलं होतं, आता आई मला न्हायला घालणार नाही. पण तिनं पाणी तापवलं, मला पाटावर बसवलं, तेलाची वाटी घेतली. हेमू त्या दिवशी जागा होता. त्याला तिनं न्हाणीच्या दाराशी सतरंजीवर निजवलं होतं, दिसेल असा. अण्णा दुकानात होते. ती मुकाट्यानं तेल चोळत राहिली, आणि मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर तिनंच विचारलं, ‘आज इंजेक्शनचं सांगायचं नाही का?’

‘सांग.’

‘कुठलं सांगू?’

तिचे हात माझ्या डोक्यावर थांबलेले होते. मला कळत होतं की तिला दुसरं सांगायचंय, खरं. ते सांगायला तिला जगात आता मी एकटीच होते. मी हेमूकडे बघितलं. तो आमच्याकडेच बघत होता.

‘माझं,’ मी म्हटलं.

आईनं हात परत चालवायला घेतला. ‘तुम्हा दोघांना घेऊन गेले बोंद्र्यांकडं,’ ती म्हणाली. ‘आधी हेमूला टोचलं. असला रडला, असला रडला.’ तिनं सगळं सांगितलं, बाहीसकट. मी शेवटपर्यंत ऐकलं. हेमू दाराशी होता, तो काही बोलला नाही.